व्याख्यानाची परवानगी

सरकारी सेवेतील एखाद्या शास्त्रज्ञाला व्याख्यान देण्यासाठी परदेशी जायचे असेल, तर त्याचा अर्ज पाच-सहा टेबलांवरून फिरतो. आस्थापना शाखा पाहते, रजा शिल्लक आहे काय. दक्षता शाखा पाहते, चौकशी प्रलंबित नाही ना. वित्त शाखा (माझ्या नोकरीची बरीच वर्षे याच शाखेत गेली) विचारते, विमानभाडे कोण देणार, आणि आमंत्रण देणारी संस्था देणार असेल तर ती ते का देत आहे. हे सर्व प्रश्न रास्त आहेत आणि प्रत्येकासाठी नमुन्यात रकाना आहे. एका प्रश्नाला मात्र रकाना नाही. हा मनुष्य बोलला नाही, तर काय गमावले जाईल? अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हाला संधी-व्यय शिकवतात: जे केले त्याची खरी किंमत म्हणजे त्यापायी जे करायचे राहून गेले ते. शासकीय हिशेबात मात्र नाकारलेल्या परवानगीचा खर्च शून्य धरतात. दौरा वाचला, दिवस वाचले, फाइल बंद झाली.

या शून्याबद्दल मला लिहायचे आहे, आणि त्यासाठी कोलकात्यातील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे प्रकरण मी निवडले आहे. ते अनेकांना ठाऊक असेल. १९९० साली तपन सिन्हा यांनी त्यावरून सुचलेला ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट काढला. त्यात विषय बदलून कुष्ठरोगावरील लस दाखवली आहे, पण छळाची रीत तीच. तरी चित्रपटात नायकाचे दुःख दिसते, फाइल दिसत नाही. आणि माझ्यासारखीचे लक्ष नेमके फाइलकडे जाते.

प्रकरण कोलकात्यात घडावे यात एक विपरीत योग आहे. आपल्या देशातील आधुनिक विज्ञानाची एक मोठी परंपरा त्या शहरात व्याख्यानांपासूनच सुरू झाली. डॉ. महेंद्रलाल सरकार हे वैद्य. त्यांनी १८७६ साली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था लोकवर्गणीतून उभी केली, आणि पुष्कळ वर्षे तिचे मुख्य काम म्हणजे सामान्य नागरिकांसाठी सप्रयोग व्याख्याने हेच होते. रामन यांनी तिथे प्रयोगशाळा गाजवली ती त्यानंतर. पुढे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी जगदीशचंद्र बसूंनी आपली संस्था उघडली, तेव्हा सुमारे दीड हजार श्रोते बसतील असे सभागृह तिला जोडूनच बांधले. त्यांचा संकल्प असा होता की येथे उसनी माहिती सांगितली जाणार नाही; संस्थेत लागलेले नवे शोध प्रथम या श्रोत्यांसमोर, प्रयोग करून, जाहीर होतील. संशोधनाचा पहिला साक्षीदार समाज असावा, ही कल्पना मला आजही धाडसी वाटते.

माझी कोलकात्याला बदली झाली तेव्हा पहिले काही आठवडे मी हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात राहत होते. कार्यालयातील एका वरिष्ठ लेखाधिकाऱ्यांनी, ज्यांना सगळे दादा म्हणत, मला एका संध्याकाळी व्याख्यानाला नेले. विषय होता मुखोपाध्यायांचे कार्य. सभागृह भरलेले. निवृत्त शिक्षक, औषधविक्रेते, कॉलेजची मुले. मांडीवर छत्री आणि कापडी पिशवी. दिल्लीत ज्याला ‘मान्यवर’ म्हणतात तसे कोणीच दिसले नाही. व्याख्यान पन्नास मिनिटांचे झाले आणि प्रश्नोत्तरे त्याहून अधिक वेळ चालली. बंगाली मला तेव्हा जेमतेम कळत असे, पण प्रश्नांचा सूर कळत होता. आपल्या घरातील जुन्या वादाचा निकाल लावायला बसावे तशी ती माणसे बसली होती.

आता ते प्रकरण. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅम येथे लुईझ ब्राउनचा जन्म झाला. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले ते जगातील पहिले मूल. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली आणि तिला दुर्गा हे नाव मिळाले. हे मूलही आपण त्याच मार्गाने जन्मास आणले, असे डॉ. मुखोपाध्याय, त्यांचे शीतविज्ञानातील सहकारी सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांनी जाहीर केले. मुखोपाध्याय हे कलकत्ता आणि एडिंबरा अशा दोन विद्यापीठांचे पीएच. डी., आणि राज्य शासनाच्या वैद्यकीय सेवेत बाँकुडा येथील महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक. म्हणजे, आमच्या भाषेत, बदलीपात्र कर्मचारी.

‘त्याच मार्गाने’ असे मी म्हटले खरे, पण मार्ग तोच नव्हता, आणि सारे नाट्य त्या फरकात आहे. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात तयार झालेले एकच बीजांड दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरके देऊन एकाच वेळी अनेक बीजांडे पक्व केली, ती पोटाला छेद न देता योनिमार्गाने काढली, फलित झालेले भ्रूण ५३ दिवस द्रव नायट्रोजनात गोठवून ठेवले, आणि औषधांचा परिणाम ओसरल्यावर पुढच्या चक्रात गर्भाशयात सोडले. आज कोणत्याही जिल्ह्याच्या गावातील वंध्यत्व केंद्रात जा. संप्रेरके, योनिमार्ग, गोठवण हीच त्रयी दिसेल. १९७८ साली यांपैकी एकही गोष्ट रूढ नव्हती. गोठवलेल्या मानवी भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे वृत्त ऑस्ट्रेलियातून १९८३ साली प्रसिद्ध झाले, आणि ते तंत्र जगाने तेव्हा मान्य केले.

नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. शरीराबाहेरील फलनाचा किंवा मानवी भ्रूण गोठवण्याचा प्रत्यक्ष अनुभव समितीत कोणालाच नव्हता. खरे म्हणजे तो तेव्हा साऱ्या जगात मूठभर लोकांनाच होता. समितीने दावा अविश्वसनीय ठरवला.

येथे मी समितीची थोडी बाजू घेणार आहे, कारण या प्रकरणावरील बहुतेक लेखन नायक आणि खलनायक एवढ्यावरच संपते. संशय घेणे गैर नव्हते. मुखोपाध्यायांचा छापील पुरावा म्हणजे शीतविज्ञानाच्या एका भारतीय नियतकालिकातील लहानसा लेख. आई-वडिलांना लोकनिंदेची भीती होती, म्हणून मुलीची ओळख उघड करता येत नव्हती. जगदीशचंद्रांना आपले यंत्र मंचावर मांडून दाखवता येत असे: पान थरथरले, काचेवर रेघ उमटली, दीड हजार माणसांनी पाहिली. जीववैद्यकातील संशोधकाचा पुरावा म्हणजे कोणाचे तरी मूल, कोणाचा तरी आजार, कोणाच्या तरी घरातील गुपित. तो टेबलावर ठेवता येत नाही. मग त्याच्या हाती एकच साधन उरते: तज्ज्ञांसमोर उभे राहून आपली कृती पायरीपायरीने सांगणे आणि प्रत्येक पायरीवर येणाऱ्या शंकेला उत्तर देणे. द्रावण कोणते, तापमान किती वेगाने उतरवले, वितळल्यावर किती पेशी जिवंत राहिल्या. या प्रश्नांची उत्तरे बनावट असतील तर जाणकार श्रोता ती दहा मिनिटांत पकडतो. आणि खरी असतील, तर तेही त्याला तितक्याच लवकर कळते.

अशी संधी आली होती. १९७९ च्या आरंभी जपानमधील क्योतो विद्यापीठाने मुखोपाध्यायांना आपले काम मांडण्यासाठी बोलावले. राज्य शासनाने परवानगी नाकारली.

हा नकार मला समितीच्या अहवालापेक्षा गंभीर वाटतो. अहवालात चूक झाली असेल, पण ते एक मत होते. त्याच्याशी वाद घालता आला असता. नकाराने वादाची जागाच बंद केली. शासनाचा खरोखर असा विश्वास असता की दावा खोटा आहे, तर त्याला क्योतोला पाठवणे हाच खोटेपणा उघड करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होता. परक्या तज्ज्ञांनी त्याचे धिंडवडे काढले असते आणि प्रकरण मिटले असते. संशय मनात धरायचा आणि संशयाची परीक्षा मात्र होऊ द्यायची नाही, याला तर्क म्हणत नाहीत. याला आमच्याकडे ‘प्रशासकीय सावधगिरी’ म्हणतात. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला डोळ्यांच्या विभागात बसवले. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. ते पन्नास वर्षांचे होते.

यानंतरची घटना आपल्या मुंबईतली, आणि तिची मला स्वतःला आठवण आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त कामाचे ते फळ. मी तेव्हा डोंबिवलीला कॉलेजात नुकतीच जाऊ लागले होते. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द प्रत्येक गॅलरीत ऐकू येत होता. आजीची समजूत अशी की मूल नऊ महिने काचेच्या नळीतच वाढवतात, आणि एवढी मोठी नळी मिळते कुठे हा तिचा प्रश्न. शेजारच्या काकूंना लग्नानंतर चौदा वर्षे मूल नव्हते. त्या आमच्याकडचे वर्तमानपत्र मागून घेऊन गेल्या. ते परत आले तेव्हा पहिले पान त्यात नव्हते. कोणी काही विचारले नाही.

भारतातील पहिले असे मूल म्हणून हर्षाची नोंद झाली, आणि आनंद कुमार यांचे नाव त्या मानाशी कायमचे जोडले गेले. मग १९९७ साली एका परिषदेच्या निमित्ताने ते कोलकात्याला आले आणि सुभाष मुखोपाध्याय स्मृती व्याख्यान त्यांनी दिले. जपून ठेवलेली मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे तिथे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, सहकाऱ्यांना शंका विचारल्या, समितीने जे विचारले नव्हते ते सारे तपासले, आणि जाहीर केले की पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा आहे. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी तसा लेखही लिहिला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हे मान्य केले. २००३ साली, पंचवीस वर्षांची झाल्यावर, दुर्गा म्हणजे कनुप्रिया अग्रवाल मुखोपाध्यायांच्या स्मृतिसमारंभात स्वतः लोकांसमोर आली.

वाचकहो, शासकीय सेवेत ज्येष्ठतेच्या यादीतील एका क्रमांकासाठी माणसे न्यायाधिकरणात जातात. त्या पार्श्वभूमीवर, कोणी मागितला नसताना आपला पहिला क्रमांक सोडून देणारा हा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो. पण तितकेच हेही खरे की अठरा वर्षांपूर्वी जे काम क्योतोतील एका दुपारी झाले असते, ते होण्यासाठी एका मृत्यूची आणि एका योगायोगाची वाट पाहावी लागली. आमच्या अभिलेख-नियमांनुसार रजेच्या आणि दौऱ्याच्या फाइली काही वर्षांनी नष्ट करतात. टिपणे टिकली, कारण ती कार्यालयात नव्हती.

याउलट एक उदाहरण देते. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हाँगकाँगमध्ये मानवी जनुक-संपादनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. चीनमधील हे जियानकुई या शास्त्रज्ञाने त्याआधी दोनच दिवसांपूर्वी जाहीर केले होते की सीसीआर-५ या जनुकात भ्रूणावस्थेतच बदल केलेल्या जुळ्या मुली आपण जन्मास आणल्या आहेत. जगभर संताप उसळला होता. तरीही आयोजकांनी त्याचे व्याख्यान रद्द केले नाही. अध्यक्षांनी श्रोत्यांना शांतपणे ऐकण्याची विनंती केली, आणि मग प्रश्न सुरू झाले. कार्यक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी खुला होता. मी तो दिल्लीत कार्यालयातून घरी आल्यावर पाहिला. या मुलांची अशी कोणती वैद्यकीय गरज होती जी दुसऱ्या उपायाने भागली नसती? आई-वडिलांना संमतिपत्र कोणी समजावून सांगितले? एवढे गुप्त का ठेवले? उत्तरे अडखळत आली, आणि अडखळणे साऱ्या जगाने पाहिले. त्याच्या विद्यापीठाचे म्हणणे एवढेच की तो फेब्रुवारीपासून बिनपगारी रजेवर आहे. (आस्थापना शाखा सर्व देशांत सारखीच असावी.) पुढे डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली, पण त्याच्या कामाचे वजन किती, हे त्या सभागृहात तासाभरात कळून चुकले होते.

दोन्ही प्रकरणांत विषय भ्रूणाचा, दोन्हींत मुलींची ओळख गुप्त, दोन्हींत दावा अकल्पित. एकात बोलू दिले आणि कच्चेपणा उघडा पडला. दुसऱ्यात बोलू दिले नाही आणि खरेपणा अठरा वर्षे झाकला गेला.

नियम आडवे येतात असे कोणी म्हणेल. राज्याचे नियम वेगळे, मी केंद्राचे सांगते. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियमांतील आठव्या नियमाने निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनाला आणि आकाशवाणीवरील भाषणाला पूर्वपरवानगीतून मोकळीक दिली होती. म्हणजे नियम करणाऱ्यांना विज्ञानाचे वेगळेपण कळत होते. अडचण नियमात क्वचितच असते. ती ‘कशाला जोखीम घ्या’ या टिपणीत असते, आणि त्या टिपणीखाली सही करणाऱ्याला कधीच काही भोगावे लागत नाही. माझ्या मते परदेशी असो वा देशी, वैज्ञानिक व्याख्यान नाकारायचे असेल तर नाकारणाऱ्याने आपल्या नावाने लेखी कारण द्यावे, आणि ते शास्त्रज्ञाला कळवावे. एवढ्या एका अटीने निम्मे नकार गळून पडतील.

अलीकडे उलट बाजूनेही प्रयत्न होत आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक शास्त्रज्ञाने वर्षातून किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. हेतू उत्तम. पण दिवस मोजू लागलो की दिवसच भरले जातात. दिल्लीतील सरकारी छत्राखालच्या व्याख्यानांचा माझा अनुभव असा: निमंत्रणपत्रिकेवर साडेपाच, प्रत्यक्षात सहा, मग दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, शाल, तीन स्वागतपर भाषणे, पुढच्या दोन रांगा राखीव आणि दिवा लावून झाल्यावर त्यांतील अर्धी माणसे पसार. व्याख्यात्याला चाळीस मिनिटे मिळतात. वेळ संपत आला की कापले जातात ते प्रश्न. आभारप्रदर्शन कधी कापलेले मी पाहिले नाही. म्हणजे ज्या भागासाठी व्याख्यान सार्वजनिक करायचे, तोच भाग जातो. तेवढेच ऐकायचे असेल तर घरी बसून चित्रफीत पाहिलेली काय वाईट?

मागच्या हिवाळ्यात अशाच एका व्याख्यानाला गेले होते. विषय मूलपेशींचा, वक्ते नामवंत, आणि रिवाजानुसार प्रश्न दोनच घेतले गेले. बाहेर पडताना फाटकापाशी एक वयस्क गृहस्थ वक्त्यांना गाठून उभे होते. स्वेटरवर मफलर, हातात निमंत्रणपत्रिकेची गुंडाळी. त्यांना विचारायचे होते की वंध्यत्व केंद्रांत जी भ्रूणे गोठवून ठेवलेली असतात, त्यांचे शेवटी होते काय. गाडी चालू होती, चालकाने दार उघडून धरले होते. तरी वक्ते थांबले. त्यांनी सांगितले की २०२१ च्या कायद्यानुसार ती जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. नंतर जोडप्याची संमती असेल तर संशोधनाला देतात, नाही तर नष्ट होऊ देतात. गोठवलेल्या पेशी वितळताना नेमके काय घडते, तेही त्यांनी मफलरवाल्या गृहस्थांच्या हातावर बोटाने आकृती काढून समजावले. दहा-बारा माणसे भोवती जमली. आत सभागृहात झाले नव्हते इतके चांगले व्याख्यान तिथे थंडीत झाले.

मग गृहस्थांनी पुढचा प्रश्न विचारला. जोडप्याने पत्ता बदलला, केंद्र बंद पडले, किंवा दोघांचे पटेनासे झाले, तर संमती कोण देणार आणि नोंद कुठे राहणार?

वक्त्यांनी क्षणभर विचार केला. शेजारी मी उभी होते. आमची एका समितीमुळे ओळख होती. माझ्याकडे हात करून ते हसत म्हणाले, “हे मात्र तुम्ही मॅडमना विचारा. त्या सरकारच्या आहेत.”

दहा-बारा चेहरे माझ्याकडे वळले.